पहाटे तीनचा नळ

वहिनी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले, रिपोर्ट चांगले आहेत, पण खोकताना, खुर्चीतून उठताना यजमानांची लघवी गळते. कचराळी तलावावरचं सकाळचं फिरणं बंद. दिवसभरात पाणी जेमतेम तीन पेले. आणि पहाटे तीनला मोरीतला नळ बारीक सोडून ते आपली पँट धुतात, तुम्ही जाग्या असून झोपेचं सोंग घेता. ‘मला कळलंय हे त्यांना सांगू का?’ एवढंच विचारलंत.

सांगा. मुलगा-सून घरात नसताना, चहा घेताना. ‘पँट मशीनमध्ये टाकत जा, मी लावते.’ एवढं पुरे. त्या नळाच्या आवाजात तुम्ही दोघंही एकेकटे जागताय, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

हे म्हातारपण आलंय असं त्यांना वाटत असेल, पण तसं नाही. मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट ही ग्रंथी असते. ती काढताना लघवी धरून ठेवणारी एक झडप जाते आणि सगळा भार खालच्या स्नायूंवर येतो. ते बळकट व्हायला वेळ लागतो. बहुतेकांना वर्षभरात बराच फरक पडतो.

पाणी मात्र तोडू नका. लघवी दाट झाली की मूत्राशय जास्तच चिडतं. चहा-कॉफी कमी करा, झोपण्याआधी दोन तास पाणी कमी प्या, बाकी दिवसभर नेहमीसारखं.

व्यायाम नीट शिकायला हवा. वारा अडवताना जो स्नायू आवळतो, तोच. पाच सेकंद आवळायचा, तेवढाच वेळ सैल सोडायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या ताणायच्या नाहीत. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नये. खोकला येतोय वाटलं, उठायचं असलं, की आधी आवळायचं. पुष्कळजण पोटच आवळत बसतात, म्हणून फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या.

फडक्याच्या घड्या नकोत, पुरुषांसाठीचे पॅड मेडिकलमध्ये मिळतात. ते लावून कचराळीला एकच फेरी मारू दे, तुम्ही सोबत जा.

ताप, लघवीत रक्ताच्या गाठी, धार बारीक होणं किंवा लघवी अडणं, असं काही झालं तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि पुढच्या तपासणीला तुम्हीही आत जा. पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा, आकडा चांगला आला की पुरुष ‘बाकी ठीक’ म्हणून उठतात. दिवसाला किती पॅड लागतात ते आठवडाभर कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. वर्षानंतरही गळणं राहिलं तर त्यावर शस्त्रक्रिया आहेत, कृत्रिम झडपही बसवता येते. तेही तेव्हाच विचारून घ्या.


— तुमची ताई