बाहेरच्या पिंजऱ्यातल्या सशांना कडाक्याच्या थंडीत कसं सांभाळावं?

तुमचे दोन ससे बाहेरच्या पिंजऱ्यात आहेत, रात्री पारा शून्याखाली जातोय, आणि तुम्ही विचारताय की आत बल्ब लावावा का आणि पिंजरा घोंगडीने चहूबाजूंनी गुंडाळावा का. कृपा करून दोन्ही करू नका. बल्बची वायर ससा हमखास कुरतडतो आणि खाली कोरडा पेंढा असतो, म्हणजे आगीला निमंत्रणच. घोंगडीचं कारण थोडं सविस्तर सांगतो.

निरोगी, पूर्ण वाढलेला ससा कोरडी थंडी चांगली सोसतो. दिवस लहान होऊ लागले की त्याच्या अंगावर आतली दाट लव येते आणि त्या लवेत अडकलेली हवा त्याला ऊब देते. केस भिजले की ती हवा जाते. म्हणून थंडीपेक्षा ओल आणि झोंबरा वारा जास्त घातक. पिंजरा सगळीकडून बंद केला की सशाच्या श्वासाची वाफ आतच राहते, लघवीतून अमोनिया सुटतो, नाक-फुप्फुसं चुरचुरतात आणि शिंका, नाक वाहणं सुरू होतं. सकाळी झोपायच्या पेटीचं झाकण उघडून आतल्या बाजूने हात फिरवा. पाण्याचे थेंब किंवा हिमाचा पातळ थर लागला, तर हवा खेळत नाहीये असं समजा, मग पेटी कितीही उबदार वाटो. छताजवळ, वाऱ्याच्या उलट बाजूला दोन-तीन छोटी भोकं ठेवा. रात्री ताडपत्री जरूर सोडा, पण वाऱ्याच्या आणि पावसाच्या बाजूने; समोर वरची वीतभर जागा उघडी राहू द्या.

खरी ऊब झोपायच्या पेटीत हवी. पेटी मोठी नको. दोघं पाय पसरून झोपतील आणि वळतील एवढीच, कारण ती तापवणार ते त्यांच्या अंगाच्या उष्णतेने. दार एका कोपऱ्यात, साधारण 15 सेंटिमीटर रुंद. ससे अंगाने मोठे असतील तर थोडं जास्त. दारातून आत गेल्यावर आडवी फळी असली की वारा थेट झोपायच्या जागेवर येत नाही. थर्माकोल घालायचं असेल तर दोन प्लायवूडच्या मध्ये, कडा पूर्ण बंद करून. उघडं राहिलं तर ससे ते खातात. पिंजरा जमिनीपासून किमान 20–30 सेंटिमीटर उंच ठेवा आणि छताला मागे उतार द्या. तळ जाळीचा असेल तर त्यावर फळी टाका, नाहीतर खालून वारा लागत राहतो.

अंथरायला पेंढा, खायला वाळलेलं गवत, हा फरक पाळा. पेंढ्याच्या काड्या पोकळ असतात, त्यात हवा राहते आणि त्या लवकर भिजत नाहीत. खाली कागदाचा थर, वर निदान 20 सेंटिमीटर सैल पेंढा. ससे त्यात स्वतःच खळगा करतात. ओला भाग रोज काढा. जुनी चादर, स्वेटर, गोधडी आत टाकू नका: कापड ओल धरतं, आणि कुरतडलेले धागे पोटात गेले तर आतडं तुंबू शकतं.

वाळलेलं गवत मात्र थंडीत कधीच कमी पडू देऊ नका. सशाच्या आंधळ्या आतड्यात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, गवतातले तंतू आंबतात, त्यातूनही शरीराला ऊब मिळते. दाणेदार खाद्य थोडं वाढवलं तरी चालेल, पण गवताच्या जागी नाही. आठवड्यातून एकदा वजन करा आणि पाठीच्या कण्यावरून बोट फिरवा. दाट केसांखाली रोडावलेला ससा नुसत्या नजरेला कळत नाही.

पाण्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. बाटलीत पाणी दिसतं, पण तिच्या नळीतली गोळी आधीच गोठलेली असते. ससा चाटत राहतो, थेंबही मिळत नाही. पाणी नाही तर गवत खाणं कमी, आणि मग आतड्यांची हालचालच थांबते. म्हणून बाटलीसोबत जड चिनी मातीचं भांडंही ठेवा. सकाळ, दुपार, रात्र कोमट पाणी भरा आणि नळीची गोळी दर वेळी बोटाने दाबून बघा. पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ किंवा आणखी काही मिसळू नका.

थंडीत भुकेले कुत्रे, मांजरं, कोल्हे पिंजऱ्याभोवती जास्त घुटमळतात. कोंबड्यांसाठीची षटकोनी पातळ जाळी त्यांना अडवत नाही. वेल्ड केलेली, जाड तारेची, 13 मिलिमीटर भोकांची जाळी लावा. दाराला नुसता अडकवायचा आकडा नको, कुलूप लागेल अशी कडी हवी. सशांची फिरायची मोकळी जागा जमिनीवर असेल तर जाळी बाहेरच्या बाजूला 45–60 सेंटिमीटर जमिनीवर पसरून खिळवा, म्हणजे खालून उकरता येत नाही. हल्ला झाला नाही तरी नुसत्या भीतीनेही ससा दगावू शकतो.

पिल्लं, म्हातारे किंवा आजारी ससे, रोडावलेले, आणि आत्तापर्यंत घरात वाढलेले ससे बाहेर ठेवू नका. घरात वाढलेल्यांच्या अंगावर ती दाट लव आलेलीच नसते. बाहेरचा ससा घरात आणलात तर थंड, कोरड्या खोलीत ठेवा आणि रोज आत-बाहेर करू नका. चालू गाडी उभी राहते त्या गॅरेजमध्ये तर नकोच, धुराने जीव जातो.

कान गार लागले एवढ्यावरून घाबरू नका, उष्णता वाचवायला ससा कानातलं रक्त कमी करतो. पण तो ढिला पडला, हाक मारून हलत नसेल, श्वास मंद झाला असेल, तर लगेच आत घ्या. कोरड्या टॉवेलात गुंडाळा, कापडात लपेटलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा. गरम पाण्यात बुडवू नका, हेअर ड्रायर वापरू नका, तोंडात जबरदस्तीने काही घालू नका. सशाचं नेहमीचं तापमान 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असतं. 38 च्या खाली गेलं तर पशुवैद्याकडे निघा. खाणं किंवा लेंड्या 12 तास बंद असतील, तर तो हिंडता-फिरता दिसला तरी त्याच दिवशी दाखवा.