एआय फुकट वाटतायत ते कशासाठी?

प्रश्न : मुलाला जिओवर गूगलचं जेमिनी हे एआय दीड वर्ष फुकट मिळालंय, मिस्टरांच्या एअरटेलवर पर्प्लेक्सिटी हे दुसरं एआय आलं होतं. एवढ्या मोठ्या कंपन्या फुकट का देतात? आणि अमेरिका-चीनचं एआयच्या चिपवरून जे चाललंय त्याचा आपल्याशी काय संबंध?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : ताई, संबंध चांगलाच आहे. आधी फुकटचं बघू. २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा डेटा फुकट होता, सगळे खूश होते, मग दोनेक वर्षांत एअरसेल बुडाली, व्होडाफोन-आयडिया एकत्र झाल्या, आणि जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले तेव्हा जायला दुसरीकडे जागाच फारशी उरली नव्हती. आता एआयचं तेच होईल अशी मला खरंच काळजी वाटते. गूगलने २०२० मध्येच ३३,७३७ कोटी देऊन जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये हिस्सा घेतलाय, फेसबुकने ४३,५७४ कोटी देऊन, म्हणजे नेटवर्कवाला आणि एआयवाला वेगळे राहिलेच नाहीत. चॅटजीपीटीनेही नोव्हेंबर २०२५ पासून भारतात ‘गो’ हा एरवी पैसे मोजून घ्यायचा प्लॅन वर्षभर फुकट दिला. त्यांना आत्ता आपली सवय हवीय, पैसे नंतर.

आता राजकारण. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पच्या शपथविधीला मस्क, बेझोस, झुकरबर्ग, पिचाई सगळे पुढे बसलेले, दुसऱ्या दिवशी व्हाइट हाऊसमधूनच चॅटजीपीटीवाली ओपनएआय, ओरॅकल आणि सॉफ्टबँक या कंपन्यांचा ५०० अब्ज डॉलरचा स्टारगेट हा एआय डेटा सेंटरचा प्रकल्प जाहीर झाला. आठवड्याभरात चीनच्या डीपसीक या स्वस्तातल्या एआयमुळे एआयच्या चिप विकणाऱ्या अमेरिकी एन्व्हिडिया कंपनीचं बाजारमूल्य एका दिवसात जवळपास ५९० अब्ज डॉलरनी पडलं. आणि त्याच महिन्यात, जाता जाता बायडेन सरकारने चिप कुणाला किती द्यायच्या याचा नियम काढला, बिनधास्त चिप मिळणाऱ्या १८ मित्रदेशांत भारत नव्हता! ट्रम्प सरकारने मे महिन्यात तो रद्द केला, पण यादी बनवली कुणी आणि फाडली कुणी, दोन्ही वेळा वॉशिंग्टननेच.

आपल्या सरकारने मार्च २०२४ मध्ये इंडियाएआय मिशनला १०,३७२ कोटी मंजूर केले, स्टार्टअपना स्वस्तात जीपीयू, म्हणजे एआय चालवणाऱ्या चिप, भाड्याने मिळतात, हे चांगलंच आहे, मी त्याचं मनापासून स्वागत करते. पण त्यातल्या बऱ्याचशा चिप एन्व्हिडियाच्या, बनतात तैवानात. नवी मुंबईत ऐरोली-महापेला डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहतायत म्हणून एआय आपलं झालं असं नाही, जागा, वीज, पाणी आपलं आणि आतली मशीन दुसऱ्याच्या परवानगीची.

प्रश्न : मग मुलाला वापरू द्यायचं नाही का?

उत्तर : द्या की, अभ्यासाला उपयोग होतो. फक्त फुकट मुदत संपायची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा, सेटिंगमध्ये जाऊन आपले चॅट एआयला शिकवायला वापरायची परवानगी बंद करा, आधार-पॅनचे फोटो अजिबात टाकू देऊ नका. आणि मतं मागायला येतील त्यांना विचारा, आमच्या मुलांचा डेटा कुठल्या देशात साठवला जातोय आणि त्याला जबाबदार कोण.