जर्मनीला मुलाकडे दोन महिने जातोय. पैसे आणि रोजची खरेदी कशी सांभाळायची?

ताई, तुम्ही विचारलंय की दोघं पहिल्यांदाच नागपूरहून मुलाकडे चाललात, तो दिवसभर ऑफिसात, तर दूध-भाजी आपली आपल्याला आणता येईल का. नक्की येईल. मी लेकीकडे दोन महिने राहून आले. पण निम्मी तयारी इथे घरी बसूनच करायची असते, आणि माझं नेमकं तिथेच अडलं.

दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले, सामान काउंटरवर ठेवलं, कार्ड लावलं तर चालेना. मागे रांग. सामान तिथेच ठेवून परत आले. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवं कार्ड आधी फक्त भारतातच चालतं, परदेशासाठी ते आपण ॲपमधून सुरू करायचं असतं. रात्री सुरू करायला बसले तर ओटीपी भारतातल्या नंबरवर, आणि ते सिम मनीषनगरच्या घरी कपाटात! म्हणून आपलं सिम फोनमध्येच राहू द्या, निघण्याआधी रोमिंग सुरू करा, तिथलं दुसरं सिम त्याच्या जोडीला घ्या.

पैशांसाठी फॉरेक्स कार्ड घ्या, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड, त्यात युरोच भरा. डॉलर भरले तर तिथे पुन्हा बदलताना कापले जातात. सोबत एक साधं कार्ड वेगळ्या पाकिटात. रोख आम्ही दोघांत ३०० युरो नेले. घेताना दहा-वीसच्या नोटा मागून घ्या, कारण जर्मनीत लहान बेकऱ्या, आठवडी बाजार इथे अजूनही रोखच लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एटीएममध्ये किंवा दुकानातल्या मशीनवर कधी कधी विचारतात, रुपयांत की युरोत? रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं, पण तो भाव मशीनवाल्याने लावलेला असतो आणि बहुतेक वेळा महागात पडतो. नेहमी युरो निवडा. जर्मन पडद्यावर ‘ओने उमरेख्नुंग’ म्हणजे बदल न करता, तेच बटण दाबायचं. मी ते कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलं होतं.

दुकानात जाताना एक युरोचं नाणं खिशात असू द्या. ढकलगाडी साखळीने बांधलेली असते, नाणं घातलं की सुटते, परत लावली की नाणं परत. पिशवी घरूनच न्या. काउंटरवरची बाई सामान भराभर सरकवते, तुम्ही तितक्या वेगाने पिशवीत भरत बसू नका. सगळं गाडीत टाका आणि बाजूला जाऊन निवांत भरा. गोकुळपेठच्या बाजारात भाजीवाली थांबते, तिथे कोणी थांबत नाही, पण रागावतही नाही. ‘मिट कार्टे, बिट्टे’, म्हणजे कार्डाने, एवढं म्हटलं की पुरे.

पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. आपल्याकडे बाटली चुरगाळून टाका म्हणतात, तिथे अजिबात चुरगाळायची नाही, मशीनला तिच्यावरची खूण वाचता आली पाहिजे. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की चिठ्ठी येते, ती काउंटरवर दिली की बिलातून पैसे वजा. यांना तर त्याची इतकी गोडी लागली की दर शनिवारी हेच पिशवी घेऊन निघायचे.

शनिवारच, कारण रविवारी दुकानं बंद. मोठ्या रेल्वे स्टेशनवरची काही उघडी असतात, पण भाव चढे. दूध, ब्रेड, दही शनिवारीच आणून ठेवा.

आणि परत येण्याच्या शेवटच्या आठवड्यात साठलेली चिल्लर काढा. नोटा इथे बदलून मिळतात, नाणी सहसा कोणी घेत नाही. आम्ही शेवटचे चार दिवस दूध-ब्रेड नाण्यांनीच आणलं, आणि उरलेले सात युरो नातवाच्या डब्यात टाकले.