अमेरिकेतला बंदूक बाळगण्याचा घटनात्मक हक्क आज कालबाह्य झालाय का?

झालाय. पण रद्द होणार नाही. त्यासाठी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी लागते. आपल्या हयातीत ते होत नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे पिस्तूल विकत घ्यायलाच आधी परवाना लागतो. थोरले दीर टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ असतात, तिकडे २०२१ पासून विनापरवाना कमरेला लावून फिरता येतं. तीन वर्षांपूर्वी गणपतीला त्यांच्याकडे गेलो होतो. मी निरांजनात वाती घालत होते. सात वर्षांचा मुलगा चार्जर शोधायला वर गेला आणि जिन्यात येऊन म्हणाला, "आई, हे काकांचं खरं आहे?" दोन्ही हातांत पिस्तूल, नळी स्वतःच्याच पायांकडे. माझ्या तोंडून आवाज फुटेना. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "बाळा, ते पायरीवर ठेव आणि माझ्याकडे ये." त्याने ठेवलं. भाऊजींनी मॅगझिन काढलं, ते भरलेलं होतं. तुपाची वाटी माझ्या अंगावर कधी कलंडली कळलंच नाही. पैठणीवरचा डाग अजून आहे.

रात्री वाद झाला. भाऊजी म्हणाले, हा माझा हक्क आहे, आणि चोर आल्यावर मी कुलूप उघडत बसू का? त्यांचं म्हणणं, २००८ च्या हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवायचा हक्क मान्य केला, शिवाय कुलूप लावून ठेवायची वॉशिंग्टन शहराची सक्तीही उडवली. ते खरंच आहे, मी नंतर वाचलं. पण कोर्टाने सक्ती काढली, कुलूप लावायला बंदी नाही घातली! तो निकाल ५ विरुद्ध ४ असा होता आणि हा हक्क अमर्याद नाही हेही त्यातच लिहिलंय. २०२४ मध्ये याच कोर्टाने, घरच्यांच्या जिवाला धोका म्हणून ज्याच्यावर मनाई हुकूम आहे त्याची बंदूक काढून घेता येते, असा ८ विरुद्ध १ निकाल दिला.

हा हक्क देणाऱ्या १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीच्या मूळ वाक्यात आधी नागरिकांची शिस्तबद्ध सेना येते, मग शस्त्रं. तेव्हाची ठासणीची बंदूक सरावलेला माणूस मिनिटाला दोन-तीनदा उडवायचा. सात वर्षांच्या पोराला ती ठासतासुद्धा आली नसती. उशाच्या खणातल्या भरलेल्या पिस्तुलाला त्या वाक्याचा आधार कसला? आणि चोराचं म्हणाल, तर इथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात.

माँटानाच्या रानात राहणाऱ्या, पोलीस पोचायला तास लागतो अशा माणसाला मी बंदूक ठेवू नको म्हणणार नाही. भाऊजी मात्र भर वस्तीत राहतात.

तुम्ही मुलांना घेऊन इकडे येणार असाल, तर कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी बंदूक आहे का आणि कुलपात आहे का, हे विचारा. नातेवाइकांनाही विचारा, भीड धरू नका. मी भाऊजींना दर वेळी फोनवर विचारते. त्यांनी अजून तिजोरी घेतलेली नाही. गेल्या गणपतीला आम्ही हॉटेलात उतरलो, आरतीपुरते गेलो, आणि मुलाला मी जिना चढू दिला नाही.