कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू फ्लॅटभर शू करतं. लसी पूर्ण व्हायच्या आहेत, खाली नेता येत नाही. सवय कशी लावू?

बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये एकच कोपरा ठरवा आणि ठरावीक वेळी तुम्हीच त्याला तिथे उचलून न्या: झोपेतून उठल्यावर, खाऊन-पिऊन झाल्यावर, खेळ संपल्यावर आणि एरवी दर दीड-दोन तासांनी. या वयात लघवीवर फारसा ताबा नसतो. ढोबळ हिशेब असा, की जितके महिने वय तितके तास ते लघवी रोखू शकतं, तेही जेमतेम. शू झाली की तिथल्या तिथे, दोन-तीन सेकंदांत शाबासकी आणि खाऊचा तुकडा द्या. उशिरा दिलेला खाऊ कशासाठी, हे त्याला कळत नाही. त्याचं नाक शूत घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी मारणं हे (आजूबाजूचे हमखास सुचवतील) अजिबात करू नका, पिल्लू फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकतं. चुकीची जागा एन्झाइम क्लीनरने (लघवीचे वास देणारे घटक तोडणाऱ्या क्लीनरने) पुसा, कारण वास उरला तर ते पुन्हा तिथेच जाईल. अमोनियावालं क्लीनर नको, त्याचा वास लघवीसारखाच असतो. मात्र थेंबथेंब, सारखी किंवा रक्तमिश्रित लघवी होत असेल तर हा सवयीचा प्रश्न नाही, पशुवैद्याला दाखवा. खाली कधी न्यायचं तेही त्यांनाच विचारा. पार्वोच्या (पिल्लांना होणारा जीवघेणा, संसर्गजन्य उलटी-जुलाबाचा आजार) लसीचे डोस साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतात.