वाचक विचारतात : फँटसीत एवढे प्रकार कशाला?

मागच्या अंकात फँटसी कादंबऱ्यांचा जरा उल्लेख केला होता, त्यावर इतके प्रश्न आलेत की ह्या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न (मिरज) : ताई, ऑनलाइन पुस्तकं बघताना हाय फँटसी, एपिक फँटसी, स्वोर्ड अँड सॉर्सरी अशी लेबलं दिसतात. कव्हरवर मात्र सगळीकडे तोच तलवारवाला आणि तोच ड्रॅगन. मग फरक नक्की कशात आहे?

उत्तर : कव्हर बघूच नका. तलवार, ड्रॅगन, म्हातारा जादूगार हे सगळं सामान आहे, ते कुठल्याही प्रकारात सापडतं. मी स्वतः दोनच गोष्टी बघते. गोष्ट कुठे घडते, आणि नायक हरला तर कोणाचं काय जातं.

हाय फँटसी हे लेबल पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. म्हणजे गोष्ट आपल्या पृथ्वीवर घडतच नाही, लेखकाने अख्खं वेगळं जग रचलेलं असतं, त्याचा भूगोल वेगळा, इतिहास वेगळा, लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहिणाऱ्या टॉल्किनने परीकथांवरच्या निबंधात ह्याला दुय्यम जग म्हटलंय आणि त्याचं म्हणणं असं की त्या जगात शिरल्यावर वाचकाला ते खरं वाटलं पाहिजे, एकदा का शंका आली की खेळ संपला. एपिक फँटसी हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. नायक हरला तर सगळंच जातं, राज्यं, माणसं, पुढच्या पिढ्या. लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये दुष्ट शक्तीची ती अंगठी नष्ट झाली नाही तर पळून जायला कोपराच उरत नाही. (हे पुस्तक १९५४-५५ मध्ये तीन भागांत आलं म्हणून लोक त्याला ट्रिलॉजी म्हणतात, पण टॉल्किनने ती एकच कादंबरी लिहिली होती, दुसऱ्या महायुद्धानंतर कागद महाग होता म्हणून प्रकाशकाने तिचे तुकडे केले. पुढे तीन-तीन भागांची फॅशनच पडली.)

आता स्वोर्ड अँड सॉर्सरी. हा माझा लाडका प्रकार आहे आणि त्याच्यावर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. टेक्सासमधल्या छोट्याशा गावात राहणारा रॉबर्ट हॉवर्ड नावाचा लेखक होता, त्याची कोनान नावाच्या भटक्या तलवारबाजाची पहिली कथा डिसेंबर १९३२ च्या विअर्ड टेल्स मासिकात आली, म्हणजे टॉल्किनचं हॉबिट हे पुस्तक येण्याच्या पाच वर्षं आधी. कोनानला जग वगैरे वाचवायचं नसतं. एका कथेत तो एका जादूगाराच्या मनोऱ्यात शिरतो कारण आत एक मौल्यवान रत्न आहे असं त्याने दारूच्या गुत्त्यात ऐकलेलं असतं, बस, एवढंच कारण. चोरी जमली तर चैन, नाही जमली तर एक चोर मेला, बाहेर शहर तसंच चालू राहणार. पण त्या मनोऱ्यात वरच्या मजल्यावर त्याला जे भेटतं तिथे कथा अशी वळते की रत्नाचं काय झालं ह्यापेक्षा दुसऱ्याच कोणाच्या तरी दुःखाने आपल्या घशात आवंढा येतो. एवढं सगळं एका बैठकीत वाचून होतं.

ह्या प्रकाराचा आकार मासिकातून आला हे लक्षात ठेवा. प्रत्येक कथा स्वतंत्र, मागचं काही वाचलेलं नसलं तरी चालतं, सुरुवातीच्या दोन पानांतच कोणीतरी संकटात. आणि जादूकडे बघायची नजर वेगळी. एपिकमध्ये जादूगार बऱ्याचदा आपल्या बाजूचा असतो, इथे जादू म्हणजे धोका, सहसा शत्रूच्या हातातला, आणि नायकाकडे फक्त मनगट आणि डोकं. नाव मात्र खूप उशिरा मिळालं. १९६१ मध्ये मायकेल मूरकॉक ह्या लेखकाने फॅन लोकांच्या एका मासिकात विचारलं की ह्या असल्या कथांना म्हणायचं काय, त्यावर फ्रिट्झ लायबरने हे नाव सुचवलं. लायबर स्वतः १९३९ पासून दोन भामट्या दोस्तांच्या असल्याच कथा लिहित होता, त्यातलं लांखमार शहर वाचताना गल्लीतला वास येतो. हॉवर्ड तोवर जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, तो १९३६ मध्ये तिशीतच गेला.

मग हाय आणि एपिक एकच का? बहुतेक वेळा एकाच पुस्तकाला दोन्ही लागू पडतात म्हणून गोंधळ होतो. पण उर्सुला ले ग्विनचं १९६८ चं अ विझर्ड ऑफ अर्थसी घ्या. जग पूर्ण रचलेलं, समुद्र आणि शेकडो बेटं, म्हणजे हाय फँटसी शंभर टक्के. पण त्यात सैन्यांची लढाई नाही, एका पोराने गर्वाच्या भरात स्वतःच मोकळी सोडलेली एक सावली आहे आणि ती त्यालाच गाठायची आहे. पुस्तकही बारीकसं. त्याला एपिक म्हणणं मला पटत नाही.

प्रश्न (डोंबिवली) : आजच्या शहरात घडणारी पण जादू असलेली गोष्ट म्हणजे अर्बन फँटसी ना? मग मॅजिकल रिअ‍ॅलिझम काय वेगळा? आणि कपाटातून दुसऱ्या जगात जातात ती कुठली?

उत्तर : कपाटवाली ती पोर्टल फँटसी. माणूस आपल्या जगातला, दार उघडून तिकडे जातो आणि वाचकासोबतच तिथले नियम शिकतो, सी. एस. लुईसचं १९५० चं नार्नियाचं पहिलं पुस्तक हे त्याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. फायदा असा की लेखकाला माहिती सांगायला निमित्त मिळतं, नायकच विचारत सुटतो हे काय, ते काय.

अर्बन फँटसीत दार नसतं, ते लोकच इकडे राहायला आलेले असतात. एमा बुलच्या १९८७ च्या वॉर फॉर द ओक्समध्ये मिनिआपोलिस शहरातली रॉक बँडमधली एक गायिका परीलोकातल्या दोन गटांच्या लढाईत ओढली जाते, बेन आरोनोविचच्या २०११ च्या रिव्हर्स ऑफ लंडनमध्ये लंडन पोलिसातला साधा कॉन्स्टेबल आहे आणि थेम्स व तिच्या उपनद्या चक्क माणसांच्या रूपात शहरात वावरतात, भांडतात. शहराचं नाव बदलून चालत असेल तर ती चांगली अर्बन फँटसी नाही असं माझं स्पष्ट मत आहे. रस्ते, नद्या, पोलिस स्टेशन, तिथल्या लोकांची बोलण्याची ढब, ह्यातूनच जादू उगवली पाहिजे.

मॅजिकल रिअ‍ॅलिझम ओळखायचा तो पात्रांच्या चेहऱ्यावरून. अर्बन फँटसीत जादू दिसली की कोणीतरी दचकतं, लपवतं, तपास करतं. कोलंबियाच्या मार्केसच्या वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूडमध्ये (१९६७) रेमेदिओस नावाची सुंदर मुलगी चादरींची घडी घालता घालता आकाशात निघून जाते आणि घरातल्या एकीला वाईट कशाचं वाटतं, तर चादरी गेल्या ह्याचं! कोणी खुलासा मागत नाही, जादूचे नियम नाहीत, ती सोडवायची भानगड नाही. आणि ह्याच्या मागे लॅटिन अमेरिकेचा इतिहास आहे, क्युबाचा लेखक आलेहो कार्पेंतिएर १९४९ मध्येच लिहून गेला की आमच्या भूमीत अद्भुत हे रोजच्या वास्तवातच आहे, ते मुद्दाम बनवावं लागत नाही. त्यामुळे जरा विचित्र काही घडलं की लगेच मॅजिकल रिअ‍ॅलिझमचा शिक्का मारणं मला खटकतं.

प्रश्न (नागपूर) : मुलगा नववीत आहे, ग्रिमडार्क पुस्तकं मागतोय. द्यावीत का?

उत्तर : आधी तुम्ही एक वाचा. हे नाव वॉरहॅमर ४०,००० ह्या टेबलावरच्या युद्धखेळाच्या टॅगलाइनवरून आलंय, त्यात दूरच्या भविष्यातल्या भीषण अंधारात फक्त युद्धच आहे असं वाक्य आहे. ह्या प्रकारात सज्जन माणसाला सज्जनपणाचं बक्षीस मिळत नाही. जो अ‍ॅबरक्रॉम्बी ह्या लेखकाच्या २००६ च्या द ब्लेड इटसेल्फमधलं एक मुख्य पात्र चौकशीसाठी लोकांचा छळ करणारा अधिकारी आहे, तो स्वतःही पूर्वी कैदेत छळ सोसून अपंग झालेला, आणि लेखक आपल्याला त्याच्याबद्दल माया वाटायला लावतो. हे लिहिणं सोपं नाही आणि मोठ्या वाचकाला त्यातून खूप मिळतं. पण हिंसा अंगावर येते. नववीतल्या मुलाला मी आत्ता अर्थसी देईन, अंधार त्यातही आहे, आणि अकरावी-बारावीत हे हातात ठेवेन. मुळीच नाही म्हणू नका, तो मोबाइलवर वाचेलच आणि मग बोलायला कोणी नसेल.

प्रश्न (बंगळुरू) : रोमँटसी आणि कोझी फँटसी हे खरे प्रकार आहेत की नुसतं मार्केटिंग?

उत्तर : दोन्ही. नावं दुकानदारांच्या सोयीची असतील पण वाचकाशी केलेला आतला करार खरा आहे. रोमँटसीत प्रेमकथा काढून टाकली तर गोष्ट कोसळते, उरलेलं युद्ध वगैरे तिच्याच आधारावर उभं असतं. रेबेका यारोसच्या २०२३ च्या फोर्थ विंगमध्ये ड्रॅगनस्वारांचं लष्करी कॉलेज आहे, पण वाचक रात्र जागवतो तो त्या दोघांसाठी. मुली जास्त वाचतात म्हणून ह्या प्रकाराला नाक मुरडणाऱ्यांची मला चीड येते. कोझीमध्ये धोका मुद्दाम छोटा ठेवलेला असतो. ट्रॅव्हिस बाल्ड्रीच्या लेजेंड्स अँड लाटेजमध्ये (२०२२) एक ऑर्क (फँटसीतली राकट, राक्षसासारखी जमात) बाई तलवार टांगून कॉफीचं दुकान काढते, ज्या शहरात कॉफी कोणाला माहीतच नाही तिथे. दुकान चालेल का, एवढाच प्रश्न. आणि तो पुरतो, हे मला ह्या पुस्तकाचं मोठं यश वाटतं.

प्रश्न (पुणे) : मी फँटसी लिहितोय. हार्ड मॅजिक ठेवू की सॉफ्ट?

उत्तर : हार्ड म्हणजे जादूचे नियम वाचकाला आधीच स्पष्ट सांगितलेले, सॉफ्ट म्हणजे ते गूढच ठेवलेले. शेवट कसा करणार त्यावर ठरवा. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनने २००७ मध्ये एक नियम मांडला, जादू वापरून अडचण कितपत सोडवता येईल हे वाचकाला ती जादू कितपत कळलीये त्यावर अवलंबून. त्याच्या मिस्टबॉर्नमध्ये लोक धातू गिळून शक्ती मिळवतात, लोखंड गिळलं की धातूच्या वस्तू ओढता येतात, पोलादाने ढकलता येतात, हे आधीच पक्कं सांगितलंय, म्हणून शेवटच्या मारामारीत काही फसवाफसवी वाटत नाही. लॉर्ड ऑफ द रिंग्जमधला जादूगार गँडाल्फ, त्याला नेमकं काय काय येतं हे मात्र टॉल्किन सांगत नाही, आणि म्हणूनच मुख्य कामगिरी गँडाल्फच्या हाती न देता दोन हॉबिट्सना (टॉल्किनने रचलेली बुटकी माणसं) पायी चालायला लावतो. दोन्ही रस्ते चालतात. नियम न सांगता शेवटी जादूनेच सुटका केलीत तर वाचक पुस्तक फेकून देईल.

प्रश्न (रत्नागिरी) : ह्यातलं मराठीत काय आहे? वेताळ पंचविशी फँटसीत धरायची का?

उत्तर : मी धरत नाही. फँटसी कादंबरीत लेखक आणि वाचक दोघांना माहीत असतं की हे जग रचलेलं आहे. वेताळाच्या गोष्टी ऐकणाऱ्यांच्या जगात वेताळ होताच, तो गावाबाहेर राहायचा. फँटसीने त्या खजिन्यातून भरपूर उचललंय, ती गोष्ट वेगळी.

मराठी कादंबरीची सुरुवात मात्र अद्भुताच्या अगदी जवळून झालीये. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या त्याच सुमारास, १८६१ मध्ये, हळब्यांची मुक्तामाला आली, १८६८ मध्ये रिसबुडांची मंजुघोषा. पुढे वास्तववादाची लाट आली आणि ही सगळी परंपरा पोरकट ठरवून बाजूला टाकली, हे मराठीचं मोठं नुकसान झालं असं मी मानते. हिंदीत देवकीनंदन खत्रींची चंद्रकांता लोकांनी डोक्यावर घेतली, पण गंमत म्हणजे तिच्यातल्या तिलिस्मामागे (जादूच्या वाटणाऱ्या बंदिस्त जागेमागे) बहुतेक यंत्रं आणि अय्यारांच्या, म्हणजे वेषांतर करणाऱ्या हेरांच्या, युक्त्या निघतात, त्यामुळे कडक निकष लावला तर ती फँटसीपेक्षा साहसकथाच.

मराठीत नारायण धारपांच्या कादंबऱ्यांतले समर्थ हे पात्र आहे. साध्या घरात बाहेरची दुष्ट शक्ती घुसते आणि समर्थ तिच्याशी झुंजतात, ह्याला फराह मेंडलसन नावाच्या अभ्यासकाने २००८ मध्ये घुसखोरीची फँटसी असं नाव दिलंय, दुकानात ते हॉररखाली मिळेल. आणि रचलेलं जगच हवं असेल तर जी. ए. कुलकर्णींच्या रमलखुणामधली इस्किलार वाचा, १९७५ चं पुस्तक आहे. त्यातला देश कुठल्याच नकाशावर नाही, काळही आपला नाही. जीएंना फँटसीच्या शेल्फवर कोणी ठेवत नाही, मी ठेवते. रत्नागिरीच्या नगर वाचनालयात आधी चौकशी करा, तिथे नाही मिळालं तर मला कळवा, कुठे मिळतंय ते बघून सांगते.