डॉल्फिनच्या आवाजांची यादी

प्रश्न : डॉल्फिनची एक ध्वनिफीत ऐकली. शिट्ट्या, करकर, मधूनच टकटक. अमुक आवाज म्हणजे भूक, तमुक म्हणजे भीती, अशी यादी करता येईल का?

उत्तर : मोह होतो खरा, पण आवरा. टकटकीपुरतं तुमचं म्हणणं बरंचसं जुळतं. बॉटलनोज जातीचा डॉल्फिन टकटक करतो ती मुख्यतः चाचपण्यासाठी. माशावर आपटून आलेला प्रतिध्वनी तो खालच्या जबड्यातून ऐकतो. मासा जवळ येतो तशी टकटक दाट होत जाते आणि शेवटी तिचा सलग गुणगुणाट होतो. तो ऐकला की शिकार चालू असावी, असा अंदाज मी बिनदिक्कत बांधतो. (या टकटकीचा बराच भाग 100 किलोहर्ट्झच्या पुढचा. आपला कान 20 ला थांबतो, म्हणजे तुम्ही ऐकलंत ते उरलंसुरलं.)

शिट्टीशी मात्र जपून. प्रत्येक बॉटलनोजची स्वतःची वेगळी शिट्टी असते, हे मेल्बा आणि डेव्हिड कॉल्डवेल यांनी 1965 मध्ये मांडलं. समुद्रात दोन टोळ्या भेटल्या, मायलेकरांची चुकामूक झाली, की ती वाजते. स्टेफनी किंग आणि व्हिन्सेंट जॅनिक यांनी 2013 मध्ये दाखवलं, की तिची नक्कल पाण्यात वाजवली तर ज्याची ती शिट्टी, तो प्राणी उत्तर देतो. म्हणजे शिट्टीतून 'मी कोण' एवढं कळतं. भीती शोधायचीच तर ती किती वेळा वाजते ते मोजा. पकडून ठेवलेले डॉल्फिन जास्त शिट्ट्या मारतात.

त्यातही बोललं कोण, हाच मोठा घोळ. आवाज निघतो डोक्यावरच्या श्वासरंध्राखालून, तोंड हलतच नाही. टोळीतला नेमका कोण ते शोधायला एकापेक्षा जास्त हायड्रोफोन (पाण्याखालचे मायक्रोफोन) लावावे लागतात.

आणि गप्प राहणं कुठल्या रकान्यात घालाल? ऑर्का हाही डॉल्फिनच्याच कुळातला. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमन खाणारे ऑर्का शिकारीतही खुशाल आवाज करतात. सील खाणारे मात्र शिकार साधेपर्यंत जवळपास मुके असतात, कारण सीलला पाण्यात उत्तम ऐकू येतं. सील हाती लागला की मग यांचा गलका सुरू.

तेव्हा फीत कुठली, जात कोणती आणि तेव्हा प्राणी काय करत होते, हे सोबत लिहिलेलं असेल तर कळवा. नसेल, तर नुसत्या आवाजावरून मी अर्थ सांगणार नाही.